भुकेल्या जिवाणूची साक्ष

एडिंबरा विद्यापीठात स्टीफन वॉलेस यांच्या प्रयोगशाळेत ई. कोलाय जिवाणूचा एक अपंग वाण वापरला गेला. जगायला अत्यावश्यक असलेला एक रेणू त्याला स्वतः बनवता येत नव्हता. त्या रेणूचं नाव पॅरा-अमिनोबेंझोइक आम्ल, संशोधकांच्या बोलण्यात 'पाबा'. पाबाशिवाय फोलेट तयार होत नाही आणि फोलेट नसलं की डीएनएसाठी लागणारं सामान अपुरं पडतं. अशा जिवाणूला साखर दिली, क्षार दिले, हवी तेवढी ऊब दिली, तरी तो वाढत नाही. नळीतलं द्रावण नितळच राहतं.

त्या नळीत संशोधकांनी कारागिरीनं घडवलेला एक रेणू टाकला. तो पाबा नव्हता. त्याचं पाबात रूपांतर व्हायचं तर त्याला एका विशिष्ट रासायनिक क्रियेतून जावं लागणार होतं, आणि ती क्रिया घडवणारं एन्झाइम या जिवाणूकडे नव्हतं. निसर्गाच्या रसायनशास्त्रात त्या क्रियेची नोंदच नव्हती. तरीही द्रावण गढूळ झालं. जिवाणू वाढले होते, म्हणजे त्यांना पाबा मिळालं होतं, म्हणजे ती क्रिया जिवंत पेशींच्या सहवासात, त्यांना न मारता, घडली होती. जून २०२५ मध्ये हे संशोधन 'नेचर केमिस्ट्री'त प्रसिद्ध झालं.

जगभरच्या वर्तमानपत्रांत त्याची बातमी आली ती मात्र वेगळ्या मथळ्यानं: प्लॅस्टिकच्या बाटलीपासून पॅरासिटामॉल. बातमी खरी होती. पण माझ्या मते या कामाचा गाभा बाटलीत नाही, गोळीतही नाही. तो त्या गढूळ झालेल्या नळीत आहे. सेंद्रिय रसायनशास्त्र आणि सूक्ष्मजीवांचा चयापचय ही दोन शास्त्रं दीडशे वर्षं शेजारी राहिली, एकमेकांकडून उसनंपासनं घेत राहिली. आता ती एकाच भांड्यात, एकाच वेळी काम करू लागली आहेत. हे कसं झालं आणि त्यातून काय होऊ शकतं, हे नीट समजून घेण्यासारखं आहे.

उसनवारीचा इतिहास जुना आहे. १९२१ साली बर्लिनमध्ये कार्ल नॉयबर्ग आणि त्यांचे सहकारी हिर्श यांनी आंबत असलेल्या साखरेच्या पाण्यात बेंझाल्डिहाइड घातलं. कडू बदामाच्या वासाचं हे द्रव्य यीस्टच्या नेहमीच्या खाण्यातलं नव्हे. जास्त झालं तर यीस्ट मरतं. पण थोडं थोडं घातलं तेव्हा यीस्टनं ते आपल्या कामात ओढून घेतलं. साखर फोडताना पेशीत पायरुवेट तयार होतं. ते पुढे नेणाऱ्या एन्झाइमनं पायरुवेटचा दोन कार्बनांचा तुकडा बेंझाल्डिहाइडला जोडून दिला. एक नवा रेणू तयार झाला, आणि तोही एकाच बाजूचा, म्हणजे उजव्या-डाव्या हातांसारख्या दोन रूपांपैकी फक्त एका रूपाचा. हे काम रसायनतज्ज्ञाला त्या काळी फार कठीण होतं. पुढे १९३०च्या सुमारास जर्मनीतल्या क्नॉल कंपनीच्या रसायनतज्ज्ञांनी या रेणूला मिथिलअमाइन जोडून एफेड्रिन बनवण्याची पद्धत बसवली. दम्यावरच्या या औषधासाठी तोवर मुख्यतः चीनमधल्या मा हुआंग वनस्पतीवर अवलंबून राहावं लागे. आपल्या साखर कारखान्यांतून निघणारी मळी हे अशा यीस्टचं आवडतं खाद्य आहे आणि भारतातही हा मार्ग उद्योगात उतरला. नॉयबर्ग ज्यू होते. नाझी सत्तेत त्यांचं पद गेलं, देश सोडावा लागला. जीवरसायनशास्त्राच्या या एका जनकाचं नाव आज विद्यार्थ्यांना क्वचितच माहीत असतं, याची मला खंत वाटते.

क जीवनसत्त्वाची कथाही याच वळणाची. तादेउश राइखस्टाइन यांनी १९३३-३४ मध्ये बसवलेल्या पद्धतीत ग्लुकोजचं आधी रसायनानं सॉर्बिटॉल केलं जातं. मग एक जिवाणू त्याचं सॉर्बोज करतो, आणि तिथून पुढे पुन्हा रसायन. १९५२ मध्ये अमेरिकेतल्या अपजॉन कंपनीच्या पीटरसन आणि मरे यांनी एका बुरशीकडून प्रोजेस्टेरॉनच्या अकराव्या कार्बनवर ऑक्सिजन बसवून घेतला. कॉर्टिसोन बनवताना सगळ्यात जास्त छळणारी पायरी तीच होती. ती सुटल्यावर कॉर्टिसोन स्वस्त झालं. आर्टेमिसिनिन हे मलेरियावरचं औषध तर आपल्या डोळ्यांदेखत या वाटेनं गेलं. जे कीसलिंग यांच्या बर्कलीतल्या गटानं २००६ मध्ये यीस्टकडून आर्टेमिसिनिक आम्ल बनवून घेतलं, २०१३ पर्यंत त्याचं प्रमाण लिटरला २५ ग्रॅमपर्यंत गेलं, आणि शेवटचे टप्पे रसायनानं पुरे झाले.

या सगळ्या कथांत एक खो आहे. जिवाणू किंवा यीस्ट आपलं काम संपवतं, माणूस पदार्थ गाळून, शुद्ध करून, सुकवून पुढच्या भांड्यात टाकतो आणि मग रसायनतज्ज्ञ धावतो. प्रत्येक खोला द्रावक लागतो, ऊर्जा लागते, माल वाया जातो. औषध कारखान्यातला पुष्कळसा कचरा या गाळण्या-धुण्यातूनच निघतो. लोटे-परशुराम, महाड, तारापूर, कुरकुंभ इथल्या औद्योगिक वसाहतींजवळ राहणाऱ्यांना तो कचरा कसा दिसतो, कसा वास मारतो, हे सांगायला नको.

मग दोन्ही क्रिया एकाच भांड्यात का करू नयेत? अडचणी उघड आहेत. सेंद्रिय रसायनशास्त्राला पाणी सहसा नको असतं, हवा नको असते. उष्णता, तीव्र आम्लं, विषारी द्रावक चालतात. जिवाणूचा सगळा संसार पाण्यात, ३७ अंशांच्या आसपास. त्यातून रसायनतज्ज्ञांचे लाडके उत्प्रेरक म्हणजे पॅलेडियम, रुथेनियम, इरिडियमसारखे धातू. पेशीत ग्लुटाथायोन नावाचा गंधकयुक्त रेणू भरपूर असतो. तो या धातूंना जाऊन चिकटतो आणि त्यांना निकामी करतो. म्हणजे रसायन पेशीला मारतं आणि पेशी रसायनाला.

या कोंडीतून वाट काढण्याचं मोठं श्रेय हार्वर्डच्या एमिली बाल्स्कस यांना जातं. २०१३ मध्ये त्यांच्या गटानं जी चाचणी मांडली ती मला विलक्षण सुंदर वाटते. पाबा बनवू न शकणारा ई. कोलाय घ्यायचा. त्याला पाबा द्यायचं, पण रेणूच्या एका टोकाला रासायनिक कुलूप लावून, म्हणजे जिवाणूला ते वापरता येणार नाही. मग द्रावणात रुथेनियमचा उत्प्रेरक टाकायचा, ज्याचं काम ते कुलूप काढणं. क्रिया झाली तर जिवाणू जगेल. उत्प्रेरक विषारी ठरला किंवा निकामी झाला तर मरेल. क्रिया झाली का, किती झाली, पेशीला सोसली का, या सगळ्या प्रश्नांचं उत्तर एकाच खुणेत: द्रावण गढूळ झालं की नाही. महागडं यंत्र नको. जिवाणूची भूकच मोजमाप करते.

या चाचणीसाठी पाबाच निवडलं जाणं याला एक जुना, मोलाचा धागा आहे. १९३५ मध्ये गेरहार्ड डोमाक यांनी प्रॉन्टोसिल या लाल रंगद्रव्याचे जिवाणूविरोधी गुण जगापुढे मांडले. त्याच वर्षी पॅरिसच्या पाश्चर संस्थेतल्या संशोधकांनी दाखवलं की औषध प्रॉन्टोसिल नव्हेच. शरीरात ते फुटतं आणि त्यातून निघणारं सल्फानिलमाइड काम करतं. माणसानं बनवलेला रेणू सजीवाच्या चयापचयानं पुरा केला, असं ते उदाहरण. १९४० मध्ये लंडनमध्ये डोनाल्ड वुड्स यांनी सल्फा औषधं कशी मारतात ते उलगडलं. सल्फानिलमाइड दिसायला पाबासारखं असतं. जिवाणूचं एन्झाइम फसतं आणि फोलेट बनणं थांबतं. आपण माणसं फोलेट अन्नातून घेतो, म्हणून आपल्याला ती फसवणूक बाधत नाही. लक्षावधी बाळंतिणी आणि सैनिक ज्या एका रेणूच्या नकलेनं वाचले, तोच रेणू आता जिवाणूला वाचवणाऱ्या चाचणीचा आधार झाला.

बाल्स्कस यांचा गट तिथे थांबला नाही. २०१४ मध्ये त्यांनी ई. कोलायच्या एका बदललेल्या वाणाकडून हायड्रोजन वायू तयार करून घेतला आणि त्याच भांड्यात पॅलेडियमच्या उत्प्रेरकानं त्याच हायड्रोजनचा वापर करून रेणूंमधले दुहेरी बंध भरले. एरवी कारखान्यात हायड्रोजनचे दाबाखालचे सिलिंडर लागतात. इथे हायड्रोजन येत होता ग्लुकोजमधून. २०१५ मध्ये वॉलेस, जे तेव्हा बाल्स्कस यांच्याकडे संशोधन करत होते, आणि बाल्स्कस यांनी पुढचं पाऊल टाकलं. साखरेपासून स्टायरीन बनवणारे जिवाणू घेतले, आणि त्याच द्रावणात लोहाच्या उत्प्रेरकानं त्या स्टायरीनवर तीन कार्बनांचं छोटं कडं बसवलं.

दुसरा एक प्रवाह वेगळ्या बाजूनं येतो. स्वित्झर्लंडमधल्या बाझेल इथे थॉमस वॉर्ड यांच्या गटानं २०१६ मध्ये ई. कोलायच्या दोन पडद्यांमधल्या पोकळीत, जिथे ग्लुटाथायोन कमी असतं, रुथेनियम बसवलेलं कृत्रिम एन्झाइम चालवून दाखवलं. बर्कलीत जॉन हार्टविग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इरिडियमचं एन्झाइम पेशीच्या आतच घडवलं आणि त्याला जिवाणूनं स्वतः बनवलेला लिमोनीन, म्हणजे लिंबाच्या सालीतला सुवासिक रेणू, खाऊ घातला. २०२२ सालचं रसायनशास्त्राचं नोबेल ज्या तिघांना मिळालं, त्यांपैकी कॅरोलिन बर्टोझी यांनी जिवंत पेशीत रासायनिक क्रिया घडवता येतात हे आधीच सिद्ध केलं होतं. पण त्यांच्या क्रियांचं वैशिष्ट्य असं की त्या पेशीच्या कारभाराला धक्का लावत नाहीत, बाजूनं जातात. इथे उलट हेतू आहे. क्रियेनं पेशीच्या कारभारात शिरावं, त्याचा भाग व्हावं.

आता पुन्हा एडिंबरा. तिथे निवडलेली क्रिया होती लोसेन पुनर्रचना. विल्हेल्म लोसेन या जर्मन रसायनतज्ज्ञानं १८७२ मध्ये तिचा शोध लावला. नायट्रोजन असलेल्या एका विशिष्ट गटातून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, अणू जागा बदलतात आणि अमाइन तयार होतं. या क्रियेच्या मधोमध एक क्षणभंगुर रेणू जन्मतो, आयसोसायनेट. भारतीय वाचकाला हे नाव वेगळ्याच कारणानं माहीत आहे. भोपाळमध्ये २ डिसेंबर १९८४च्या रात्री युनियन कार्बाइडच्या ६१० क्रमांकाच्या टाकीत साठवलेल्या सुमारे ४० टन मिथिल आयसोसायनेटमध्ये पाणी शिरलं आणि हजारो माणसं मेली. रासायनिक कुळ तेच. फरक साठ्याचा आहे. इथे आयसोसायनेटचा जो रेणू तयार होतो तो भोवतालच्या पाण्यात लगेच अमाइन होतो. साठवण्याचा, वाहून नेण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. धोकादायक मध्यस्थ रेणू तयार होताक्षणी वापरून टाकणारी प्रक्रिया शोधणं, हे भोपाळनंतरच्या रसायनशास्त्राचं कर्तव्य आहे असं मी मानते.

लोसेन पुनर्रचनेला सहसा अल्कली लागतं, उष्णता लागते, पुष्कळदा पाणीविरहित द्रावक लागतो. इथे यातलं काही लागलं नाही. उत्प्रेरक ठरला फॉस्फेट. जिवाणू वाढवायच्या कुठल्याही द्रावणात असतं, आपल्या प्रत्येक पेशीत असतं, तेच साधं फॉस्फेट. ज्यासाठी इतरांनी इरिडियम आणि रुथेनियम पेशीत घुसवण्याचा खटाटोप केला, ते काम पेशीच्या घरातल्याच क्षारानं केलं. या संशोधनातली मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट हीच.

एकदा जिवाणूच्या आवारात पाबा मिळू लागल्यावर औषधाकडे जाणं सोपं झालं. संशोधकांनी जिवाणूत बाहेरची दोन जनुकं घातली. एक आलं आपल्या भाजीबाजारात मिळणाऱ्या पांढऱ्या बटण मशरूमच्या जातीतून. त्याचं एन्झाइम पाबावरचा आम्लगट काढतं आणि तिथे ऑक्सिजन बसवतं. दुसरं आलं स्यूडोमोनास या जिवाणूकडून. त्याचं एन्झाइम दोन कार्बनांचा ॲसेटिल गट जोडतं. झालं पॅरासिटामॉल. २४ तासांच्या आत, कारखान्यातल्या भट्ट्यांशिवाय, ९२ टक्क्यांपर्यंत उतारा.

या औषधासाठीचा सुरुवातीचा रेणू बनवला होता पेट प्लॅस्टिकपासून, म्हणजे पाण्याच्या बाटल्यांच्या प्लॅस्टिकपासून. वॉलेस यांच्या प्रयोगशाळेला हा माल नवा नव्हता. जोआना सॅडलर आणि वॉलेस यांनी २०२१ मध्ये पेटमधून निघणाऱ्या टेरेफ्थॅलिक आम्लापासून ई. कोलायकडून व्हॅनिलिन, म्हणजे व्हॅनिलाचा सुगंध, बनवून घेतला होता. त्याआधी २०१६ मध्ये जपानच्या साकाई शहरातल्या बाटल्यांच्या कचऱ्यात पेट खाणारा एक जिवाणू सापडला होता, त्यानंही या विषयाला बळ दिलं.

आता हिशोब मांडू या, कारण बातम्यांत तो आला नाही. पेटच्या साखळीतल्या एका कडीत दहा कार्बन असतात. त्यांतले दोन ग्लायकॉलचे, ते इथे कामाला येत नाहीत. दोन आम्लगटांचे; त्यांतला एक लोसेन पुनर्रचनेत कार्बन डायऑक्साइड होऊन उडतो, दुसरा मशरूमच्या एन्झाइममुळे. उरतात बेंझिनच्या कड्याचे सहा. पॅरासिटामॉलमध्ये आठ कार्बन असतात. उरलेले दोन जिवाणू आपल्या साखरेतून देतो. बाटलीतला एकही ऑक्सिजन गोळीत पोचत नाही: एक ऑक्सिजन हवेतून येतो, एक जिवाणूच्या ॲसेटिल गटातून. नायट्रोजन बाहेरून, रसायनतज्ज्ञानं आधीच जोडलेला. म्हणजे तेलविहिरीतलं कडं, हवेतला प्राणवायू, साखरेतला कार्बन, आणि कारखान्यातला नायट्रोजन यांचा मिळून तो रेणू झाला. यातच दोन शास्त्रांचं खरं एकत्र येणं दिसतं. पण 'जवळजवळ शून्य उत्सर्जन' अशी जी वाक्यं छापून आली, ती या हिशोबासमोर टिकत नाहीत. प्रत्येक रेणूमागे कार्बन डायऑक्साइडचे दोन रेणू बाहेर पडतात. शिवाय ९२ टक्के हा उतारा बाटलीपासून तयार केलेल्या रेणूपासून मोजलेला आहे, बाटलीपासून नव्हे. बाटली विरघळवून तो रेणू बनवण्याचं काम अजून जुन्या पद्धतीच्या रसायनशास्त्राचंच आहे.

वजनाचा हिशोब वेगळा. बेंझिनचं एकही कडं वाया गेलं नाही असं धरलं तर २० ग्रॅमच्या बाटलीतून पावणेसोळा ग्रॅमच्या आसपास पॅरासिटामॉल निघेल, ५०० मिलिग्रॅमच्या ३१ गोळ्या. ही वरची मर्यादा, प्रत्यक्षात कमी. तरीही एका बाटलीत तापाचे कितीतरी दिवस भागतील एवढं औषध दडलेलं आहे, ही कल्पना मनाला हलवून जाते.

आपल्यासाठी ती केवळ कल्पना नाही. भारत पॅरासिटामॉल जगाला पुरवतो, पण त्याचा कच्चा माल, पॅरा-अमिनोफिनॉल, मोठ्या प्रमाणावर चीनमधून येत राहिला. मार्च २०२० मध्ये कोविडची साथ पसरू लागली तेव्हा भारत सरकारनं पॅरासिटामॉलसह काही औषधांच्या निर्यातीवर बंधनं घातली. त्याच वर्षी देशांतर्गत उत्पादनाला प्रोत्साहन देणाऱ्या योजनेच्या यादीत पॅरा-अमिनोफिनॉलचा समावेश झाला. मशरूमचं एन्झाइम पाबापासून जे बनवतं, तेच हे पॅरा-अमिनोफिनॉल.

तरी मला बाटल्यांबद्दल एक शंका मांडायलाच हवी. आपल्याकडे पेटची बाटली हा बेवारस कचरा नाही. कचरावेचक बायका ती उचलतात, भंगारवाला तिला भाव देतो, तिचे धागे होतात. पुण्यातल्या 'स्वच्छ' सहकारी संस्थेच्या सदस्यांना विचारा, कोणतं प्लॅस्टिक विकलं जातं आणि कोणतं नाही. नदीकाठी साचतात त्या वेफर्सच्या आणि गुटख्याच्या चकचकीत पुड्या, ॲल्युमिनियम आणि अनेक प्लॅस्टिकांचे थर चिकटवलेल्या. त्यांना कोणी विचारत नाही. त्या पुड्यांवर या प्रयोगाचा काही परिणाम होणार नाही. उद्या बाटलीचा भाव औषध कंपन्यांमुळे वाढला तर तो वाढीव पैसा वेचणाऱ्या हातापर्यंत पोचतो का, हेही पाहावं लागेल.

मोठ्या टाकीचा प्रश्न तर आहेच. जिवाणूंचं द्रावण पातळ असतं, औषध त्यातून वेगळं काढणं खर्चाचं, आणि पॅरासिटामॉल इतकं स्वस्त आहे की नव्या पद्धतीला त्या किमतीशी झगडणं अवघड जाईल. म्हणून मला वाटतं, या मार्गाचं पहिलं खरं फळ पॅरासिटामॉल नसेल. ज्या औषधांना आज पंधरा-वीस टप्पे लागतात आणि प्रत्येक टप्प्यावर धुणं-गाळणं आहे, तिथे दोन टप्पे जरी जिवंत पेशीच्या भांड्यात नेता आले तरी पुष्कळ द्रावक वाचेल.

पुण्यात पाषाण रस्त्यावरच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारात सेंद्रिय रसायनशास्त्राची मोठी परंपरा आहे, आणि तिथेच औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रहही आहे. आपल्या बहुतेक महाविद्यालयांत मात्र एमएस्सी रसायनशास्त्राचा विद्यार्थी पेट्रीडिश हाताळत नाही आणि सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थ्याला पुनर्रचना क्रिया परीक्षेपुरतीही भेटत नाही. एडिंबरातल्या कामाला लागणारं पहिलं साहित्य मोठं नव्हतं: पाबा बनवू न शकणारा जिवाणू, एक घडवलेला रेणू, फॉस्फेट असलेलं द्रावण आणि द्रावण गढूळ झालं का हे मोजणारं साधं यंत्र. सोलापूर, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठांतही हे सगळं मिळू शकतं. लोसेन ही एक क्रिया झाली. सेंद्रिय रसायनशास्त्राच्या पुस्तकात अशा शेकडो क्रिया आहेत, ज्यांना कुणी अजून जिवंत पेशीच्या पाण्यात उतरवून पाहिलेलं नाही.